वेदीच्या पोटातील हिरवा पेला

जर्मनीत किंवा आल्प्स पर्वतातील टिरोल मुलखात एखाद्या जुन्या चर्चची डागडुजी निघाली आणि त्यासाठी वेदीचा माथ्यावरील दगड हलवावा लागला, म्हणजे कधी कधी त्या दगडाखालच्या लहानशा पोकळीत काचेचा एक पेला सापडतो. उंचीने वितीपेक्षाही कमी, रंगाने शेवाळासारखा हिरवा, आणि अंगावर काचेचेच टपोरे थेंब चिकटवलेले. तोंडावर मेणाचे जाड झाकण असते व त्या मेणात बिशपांची मोहोर उमटवलेली असते. आत रेशमी चिंधीत गुंडाळलेले संतांचे पवित्र अवशेष असतात, आणि बहुधा चर्मपत्राची एक चिठ्ठीही असते. अवशेष कोणत्या संतांचे आहेत, वेदीचा अभिषेक कोणत्या बिशपांनी व कोणत्या साली केला, एवढा मजकूर तीत लिहिलेला असतो. पाचशे वर्षे अंधारात राहूनही पेल्याला तडा गेलेला नसतो.

वेदीखाली संतांचे अवशेष ठेवण्याची परंपरा आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हा अवशेष सापडण्यात नवल नाही. नवल आहे ते पेल्याचे. तो चर्चसाठी घडवलेला नसतो. त्यावर क्रूस नसतो, एखादे पवित्र नावही नसते. तो असतो द्राक्षारस पिण्याचा रोजच्या वापरातला पेला, नगरवासीयांच्या जेवणाच्या मेजावर आणि खानावळींत दिसे तसा. त्याच भट्टीत त्याच दिवशी जन्मलेली त्याची भावंडे केव्हाच हातून निसटून फुटली, त्यांच्या काचा पुन्हा भट्टीत गेल्या अथवा उकिरड्यात पडल्या. हा मात्र देवाच्या वेदीच्या पोटात राहिला म्हणून वाचला.

यातली खरी गंमत पुढेच आहे. हा पेला वेदीत ठेवला गेला त्याच्याही कित्येक शतके आधी चर्चने काचेच्या चषकात मिस्सा अर्पण करण्यास मनाई केली होती. ज्या काचेला वेदीवर उभे राहण्याची परवानगी नव्हती, तिला वेदीच्या आत जागा कशी मिळाली? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मध्ययुगातील, म्हणजे साधारणपणे पाचव्या ते पंधराव्या शतकापर्यंतच्या, रंगीत काचेच्या पेल्यांची सारी कहाणीच आम्हांला हाती लागली. ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

फुंकणीच्या टोकाशी वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन तो तोंडाने फुगवण्याची विद्या सीरिया व पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावर निघाली, आणि तीही प्रभू येशूच्या जन्मापूर्वी फार वर्षे आधी नव्हे. त्यापूर्वी काचेचे भांडे साच्यात अथवा गाभ्यावर मोठ्या कष्टाने घडवावे लागे. फुंकणीमुळे ते काम थोड्या वेळात उरकू लागले व काचेचा पेला सामान्य घरांतही शिरला. रोमी साम्राज्यात काचेचा कच्चा माल मुख्यतः दोनच ठिकाणी तयार होई, एक हा किनारा आणि दुसरा इजिप्त. तेथील वाळूत नेट्रॉन नावाचा खार मिसळून ती वितळवीत. हा खार इजिप्तमधील आटणाऱ्या सरोवरांतून काढीत. आपल्या सज्जीखाराचाच तो भाऊबंद म्हणावा. वितळलेल्या काचेच्या मोठमोठ्या लाद्या फोडून त्यांचे तुकडे जहाजांनी दूरदूर पाठवीत, आणि ऱ्हाईन नदीकाठचा कारागीर ते तुकडे पुन्हा वितळवून पेले फुंकीत असे.

पाचव्या शतकात पश्चिमेकडील रोमी सत्ता कोसळली, पण ऱ्हाईनकाठच्या भट्ट्या विझल्या नाहीत. आता गिऱ्हाईक बदलले. फ्रँक आणि अँग्लो-सॅक्सन सरदारांना मेजवानीचे पेले हवे होते, आणि त्यांची आवड रोमी गृहस्थांहून निराळी होती. त्यांच्यासाठी तळाशी निमुळते होत गेलेले उंच पेले घडू लागले. असा पेला मेजावर उभा राहूच शकत नाही. एकदा भरून हाती दिला की रिता करूनच तो पालथा घालावयाचा! यजमानाच्या आग्रहाला पेल्याचीच अशी साथ मिळाल्यावर पाहुण्यांची काय गत होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

याच काळातले सर्वांत विलक्षण पेले म्हणजे नख्यांचे पेले. पेला फुंकून झाला की त्याच्या अंगावर तापलेल्या काचेचा एक गोळा चिकटवीत. त्या उष्णतेने खालची भिंत मऊ झाली की आतून हवा फुंकून तो गोळा पोकळ फुगवीत आणि आकड्याने खाली ओढून त्याचे टोक पेल्याला जोडून देत. अशा नख्यांच्या दोन ओळी पेल्याभोवती असत. पेल्यात मद्य ओतले की ते या पोकळ नख्यांतही उतरे. इंग्लंडात डरहॅम परगण्यातील कॅसल ईडन येथे १७७५ साली असा एक पेला जवळजवळ धडधाकट सापडला. हिरवट काच आणि तिच्यावर निळ्या काचेची नक्षी असलेला तो पेला सहाव्या शतकातला असून सध्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तो सापडला एका कबरीत, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या लोकांत मृताबरोबर त्याची शस्त्रे, दागिने व पेला पुरण्याची चाल होती. म्हणून पाचव्या ते सातव्या शतकांतले पेले आपल्याला मिळतात. पुढे ही राष्ट्रे ख्रिस्ती झाली. आपण जगात काही आणले नाही आणि येथून काही नेणारही नाही, ही समजूत रुजली, तशी कबरीत वस्तू ठेवण्याची चाल हळूहळू मागे पडली. धर्मदृष्ट्या हे योग्यच झाले. पण त्याबरोबर त्या पुढील काळचे धडधाकट पेले मिळण्याची वाटही जवळजवळ बंद झाली. आठव्या शतकापासून पुढे कित्येक पिढ्यांच्या पेल्यांची ओळख मुख्यतः फुटक्या काचांवरून करून घ्यावी लागते.

आता चषकाकडे वळू. पहिल्या शतकांत काचेचा चषक चर्चमध्ये वापरला जात होता, यात शंका नाही. फ्रान्समधील तुलूझ नगराचे बिशप संत एक्झुपेरियस हे पाचव्या शतकाच्या आरंभी होऊन गेले. दुष्काळ व लुटालुटीच्या त्या दिवसांत गोरगरिबांना अन्न मिळावे म्हणून त्यांनी चर्चची मौल्यवान पात्रे विकली, आणि मग प्रभूचे शरीर वेताच्या करंडीत व प्रभूचे रक्त काचेच्या पात्रात ते नेऊ लागले. त्यांचे समकालीन संत जेरोम यांनी आपल्या एका पत्रात याबद्दल त्यांची मोठी थोरवी गायिली आहे. याहून श्रीमंत कोणी नाही, असा त्यांचा आशय आहे. इटलीतील आरेत्सोचे बिशप संत दोनातुस यांची कथा तर सुप्रसिद्धच आहे. मूर्तिपूजकांच्या धक्काबुक्कीत काचेचा चषक पडून त्याचे तुकडे झाले. संतांनी ते तुकडे गोळा करून प्रार्थना केली आणि चषक पूर्ववत सांधला गेला. पोप संत ग्रेगरी द ग्रेट यांनी ही कथा आपल्या संवादग्रंथात नमूद केली आहे. पुढच्या काळी तिच्यात भर पडून सैतानाने एक तुकडा पळवला, तरीही चषकातून थेंबही गळला नाही, असे लोक सांगू लागले.

आम्हांला वाटते, या कथेतच काचेविषयीची सारी चिंता भरली आहे. चषक सांधण्यासाठी दर वेळी संत दोनातुस कोठून आणावयाचे? खेड्यातल्या चर्चमध्ये, मिणमिणत्या दिव्यात, थंडीने बधिर झालेल्या हातांनी धर्मगुरू मिस्सा अर्पण करीत. अभिषिक्त चषक खाली पडून फुटला तर सांडते ते प्रभूचे रक्त. तेव्हा काच नको, असा निर्णय होणे स्वाभाविकच होते. नवव्या शतकातील पोप चौथे लिओ (८४७–८५५) यांच्या नावावर असलेल्या एका प्रवचनात लाकूड, शिसे व काच यांच्या चषकात मिस्सा अर्पण करू नये असे धर्मगुरूंना बजावले आहे. पुढे ११४० च्या सुमारास ग्रेशियन याने चर्चच्या नियमांचा जो मोठा संग्रह केला, त्यात हा नियम अधिक फोड करून आला. चषक सोन्याचा नसला तर चांदीचा असावा. एखादे चर्च फारच गरीब असेल तर निदान कथिलाचा असावा. तांबे किंवा पितळ नको, कारण द्राक्षारसाने त्याला कळंक चढतो व पिणाऱ्याला ओकारी येते. आणि लाकडी किंवा काचेच्या चषकात तर मिस्सा कोणी अर्पूच नये. आपल्याकडे पितळी भांड्यात ताक अगर चिंच ठेवू न देणाऱ्या गृहिणींना यातले तांब्या-पितळेचे कलम समजावून सांगण्याची गरज नाही. काचेविषयीचा तो दंडक अजूनही चालू आहे. २००४ साली रोमहून निघालेल्या सूचनापत्रात काच, माती अशा सहज फुटणाऱ्या वस्तूंची पात्रे मिस्सेसाठी वापरण्याची प्रथा निषिद्ध ठरवली आहे. द्राक्षारस व पाणी ज्या लहान कुप्यांतून वेदीपाशी आणतात त्या मात्र बहुधा काचेच्याच असतात. कोणत्या कुपीत काय आहे हे डोळ्यांना दिसावे, हा त्यातला साधा व्यवहार.

बंदी झाली ती चषकाला. काचेच्या धंद्याला नव्हे. उलट काचेविषयीचे मध्ययुगातले सर्वांत उत्तम पुस्तक एका धर्मगुरूनेच लिहिले आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेल्या या ग्रंथकाराने थिओफिलस हे टोपणनाव घेतले होते. हेल्मार्सहाउझन मठातील रॉजर नावाचा सोनारकाम करणारा मठवासी तो हाच, असे पुष्कळ विद्वान मानतात. त्याच्या ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात रंगकाम, दुसऱ्यात काचकाम, तिसऱ्यात धातुकाम. वाचकांनी ही वाटणी पाहावी : काचेची भांडी कशी फुंकावी हे तो दुसऱ्या भागात सांगतो, पण मिस्सेचा चषक कसा घडवावा हे तिसऱ्या भागात, चांदी आणि सोने यांच्या प्रकरणात येते. नियम कारागिराच्या हातात किती मुरला होता, याची खूण यापेक्षा निराळी काय हवी!

थिओफिलसच्या काळापर्यंत काचेचा मसालाच बदलून गेला होता. आठव्या-नवव्या शतकांत इजिप्तच्या नेट्रॉनचा पुरवठा आटत गेला. पूर्वेकडील कारागिरांनी खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख वापरून वेळ निभावली. आल्प्सच्या उत्तरेकडे ती झुडपे नव्हती. तेथे होती अफाट अरण्ये. तेथील कारागिरांनी बीच नावाच्या वृक्षाचे लाकूड जाळले आणि त्याची राख वाळूत मिसळली. थिओफिलस प्रमाण देतो : दोन भाग बीचची राख आणि तिसरा भाग माती व खडे काढून स्वच्छ केलेली वाळू. हे मिश्रण एक दिवस व एक रात्र भट्टीत परतावयाचे, मग मडक्यांत भरून प्रखर आचेवर वितळवावयाचे.

या अरण्यकाचेला जो हिरवा रंग आला तो कोणी दिलेला नव्हता. कासाराच्या पेटीतल्या बांगड्यांना रंग मुद्दाम घातलेला असतो. येथे वाळूत लोहाचा अंश असे, त्यामुळे काच आपोआप हिरवी उतरे. राखेतही झाडाने जमिनीतून ओढून घेतलेली नाना द्रव्ये असत, त्यांत मँगेनीज मुख्य. त्याच्या खोडीमुळे एकच मडके कधी हिरवे, कधी पिवळे, तर कधी जांभळे होई. थिओफिलस हे सारे जाणून होता, मात्र कारण ठाऊक नसल्याने तो ते देवघेवीच्या शहाणपणाने सांगतो. मडक्यातली काच केशरी होऊ लागली तर तिला तशीच तापू द्या, फिकट केशरी मिळेल, आणखी काही तास तापवली तर तांबूस केशरी होईल. ती मांसाच्या रंगावर गेली तर तीतून चेहरे व हात करावे, अधिक तापवली की जांभळी होईल. म्हणजे जो रंग उतरेल त्याचा उपयोग शोधावा! आमच्या मते मध्ययुगातील कारागिराचा स्वभाव या एका प्रकरणात जितका दिसतो तितका मोठमोठ्या इतिहासग्रंथांत दिसत नाही.

खरा निळा रंग मात्र असा नशिबावर मिळत नसे. त्याविषयी थिओफिलस एक मजेची हकिगत देतो. मूर्तिपूजकांच्या जुन्या इमारतींत रंगीबेरंगी काचेचे तुकडे व लहान भांडी सापडतात. या कामात वाकबगार असलेले फ्रेंच लोक त्यांतली निळी भांडी गोळा करतात, भट्टीत वितळवतात, त्यांत थोडी स्वच्छ काच घालतात आणि खिडक्यांसाठी मौल्यवान निळे तक्ते काढतात. तेव्हा एखाद्या रोमी घराच्या मेजवानीतला निळा पेला एक हजार वर्षांनी चर्चच्या खिडकीत पवित्र मरियेचा झगा होऊन बसला असेल, हे मुळीच अशक्य नाही.

उत्तरेकडे अशी हिरवी काच निघत असता पूर्वेकडे, सीरिया व इजिप्तच्या मुसलमानी राज्यांत, काचेची कला शिखराला पोहोचली होती. तेथल्या स्वच्छ काचेवर सोन्याचा मुलामा व निळा, तांबडा, हिरवा, पांढरा मिना चढवून ती पुन्हा भाजीत. यात्रेकरू, व्यापारी आणि धर्मयुद्धाला गेलेले सरदार असे पेले युरोपात आणीत, आणि एकदा आणलेला पेला पिढ्यान्‌पिढ्या जपत. इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यात ईडनहॉल येथील मस्ग्रेव्ह घराण्याकडे सीरियात १३५० च्या सुमारास घडलेला असा एक पेला होता. त्याच्यासाठी पंधराव्या शतकात चामड्याची खास पेटी करवलेली असून तिच्या झाकणावर येशूच्या पवित्र नावाची अक्षरे आहेत. घरातील माणसांनी मात्र निराळीच कथा रचली : संत कथबर्ट यांच्या विहिरीवर पाणी भरण्यास गेलेल्या नोकराला पाहून पऱ्या पळाल्या, पेला टाकून गेल्या, आणि जाताना बजावून गेल्या की हा फुटला तर घराचे दैव फुटले. पुढे जर्मन कवी उलांट याने या पेल्यावर कविता केली व तीत तो खुशाल फोडून टाकला. प्रत्यक्षात उलटे घडले. १९३४ साली ईडनहॉलचा वाडा पाडला गेला, आणि पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आजही अभंग आहे.

आमच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल ती संत हेड्विग हिच्या पेल्याची कथा. बव्हेरियात सुमारे ११७४ साली जन्मलेली ही राजकन्या सायलेशियाचा ड्यूक हेन्री याची पत्नी. तिने त्रेबनिट्स येथे धर्मभगिनींचा मठ स्थापिला. १२४१ साली मंगोलांशी झालेल्या लढाईत आपला पुत्र गमावला. १२४३ साली ती निवर्तली व १२६७ साली पोप चौथे क्लेमेंट यांनी तिला संतपद दिले. तिचा सण १६ ऑक्टोबरला येतो. ही साध्वी द्राक्षारस वर्ज्य करून केवळ पाणी पिई. एवढ्या कडक व्रताने तिची प्रकृती ढासळेल अशी पतीला धास्ती वाटे. एके दिवशी जेवताना त्याने अचानक तिच्यापुढचा पेला उचलून तोंडाला लावला, तो आत द्राक्षारस! पत्नीचे व्रत मोडले नाही आणि पतीची चिंताही मिटली. काना गावच्या लग्नाची आठवण करून देणारा हा प्रसंग लोकांच्या मनात घर करून राहिला, आणि हेड्विगचे म्हणून काही पेले दाखवले जाऊ लागले.

हेड्विगच्या नावाने ओळखले जाणारे सुमारे १४ पेले आज धडधाकट आहेत. काच जाड, रंग धुरकट किंवा पिवळसर, आणि अंगावर चाकाने खोल कोरलेले सिंह, गरुड, पंख असलेले सिंहासारखे प्राणी अथवा जीवनवृक्ष. बाराव्या शतकातले हे काम नेमके कोठले, इजिप्तचे, सीरियाचे की सिसिलीचे, यावर विद्वानांची अजून भांडणे चालू आहेत. पण ते उत्तरेकडच्या अरण्यातले नाही, एवढे नक्की. यांतले बरेच पेले चर्चच्या खजिन्यांत सापडले. बेल्जियममधील नामूर येथील दोन पेल्यांना तेराव्या शतकात धातूची बैठक व झाकण करून त्यांत अवशेष ठेवले. एका पेल्याचा प्रवास तर थक्क करणारा आहे : संत हेड्विगची भाची, हंगेरीची संत एलिझाबेथ, हिची आठवण म्हणून तो जपला जात होता, पुढे तो मार्टिन ल्यूथर यांच्या हाती गेला, आणि आज कोबुर्गच्या किल्ल्यात आहे.

काच परदेशची, रंग दुर्मीळ, तिला संताचे नाव जोडलेले. असे असले म्हणजे तिची किंमत केवढी वाढे याचे टोक इटलीतील जेनोआ नगरात पाहावयास मिळते. धर्मयुद्धात ११०१ साली सिझेरिया शहर पडले तेव्हा तेथून जेनोआच्या लोकांनी हिरव्या रंगाचे एक सहा कोनांचे पात्र आणले. ते अखंड पाचूचे आहे व प्रभूच्या शेवटच्या भोजनातले आहे, अशी श्रद्धा पसरली. सेंट लॉरेन्स कॅथेड्रलमध्ये ते शतकानुशतके कडेकोट बंदोबस्तात राहिले. १८०६ साली नेपोलियनच्या हुकमाने ते पॅरिसला गेले, तेथे तपासणीत काच ठरले, आणि १८१६ साली परत आले ते तुकडे होऊन. ते तुकडे जोडून जेनोआकरांनी पात्र आपल्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा ठेवले आहे. पाचू नसले तरी ते हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वेकडील कारागिरांचे अतिशय सुंदर काम आहे. त्यांना कमी लेखण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

अशा मौल्यवान पात्रांची राखण होते हे सहज कळते. पण आमचा हिरवा पेला तर अगदी गावठी. जर्मनीच्या अरण्यांत अशा पेल्यांच्या भट्ट्या लाकडामागोमाग फिरत. जवळपासचे रान संपले की भट्टी पुढे हले. राखेसाठी व आचेसाठी मिळून इतके लाकूड लागे की पुढे रान राखण्यासाठी नियम करावे लागले. श्पेसार्ट अरण्यातील काचकारांनी १४०६ साली आपसांत जी नियमावली ठरवली, तीत काम केव्हा करावे याची मुदत ईस्टरपासून संत मार्टिनच्या सणापर्यंत, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत, अशी घातली आणि दिवसाकाठी किती पेले काढावे तेही बांधून दिले.

पेल्यांच्या अंगावरचे थेंब केवळ शोभेचे नव्हते. काट्याचा उपयोग त्या काळी जेवताना होत नसे. मांसाच्या तुपकट हातातून गुळगुळीत पेला निसटे, थेंबांमुळे तो घट्ट धरता येई. मोठमोठ्या थेंबांच्या पेल्याला जर्मन लोक कोबीचा बुंधा म्हणत. पाने तोडून घेतल्यावर कोबीच्या बुंध्यावर जे कोंभ उरतात तसा तो दिसतो, हे नाव ठेवणाऱ्याची दृष्टी शेतकऱ्याचीच होती.

आता वेदीकडे परत येऊ. बिशप वेदीच्या अभिषेकास येत तेव्हा अवशेषांसाठी एक पात्र हवे असे. कधी शिशाची डबी, कधी लाकडाची, कधी मातीचे बोळके. लाकडाला कीड लागते. बाजारातला नवा कोरा पेला स्वस्त, स्वच्छ, गंजत नाही, कुजत नाही, आणि आत काय आहे ते बाहेरून दिसते. फुटण्याचे काय? चषक दररोज उचलला जातो, पुसला जातो, हातोहाती जातो, म्हणून तेथे काचेचा भरवसा नाही. वेदीच्या पोटातली वस्तू कोणी हलवीतच नाही. मनाई आणि परवानगी दोन्ही एकाच कारणावरून झाल्या, असे आम्हांला तरी दिसते.

याचा लाभ झाला तो इतिहासकारांना. राखेची काच मातीत पडली की ओलाव्याने सडते, काळवंडते, तिचे पापुद्रे सुटतात. वेदीतली कोरडी राहिली. शिवाय चिठ्ठीवर व मोहोरेवर साल किंवा बिशपांचे नाव असल्याने, पेला त्या आधीचा, हे ठामपणे सांगता येते. फुटक्या काचेला असा जन्मदाखला मिळत नाही. जर्मन कलेतिहासकार फ्रांट्स राडेमाखर यांनी मध्ययुगातील जर्मन काचेवरचा आपला ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध केला, त्यात अशा पेल्यांचा मोठा आधार घेतलेला आहे. कबरींनी पेले देणे थांबवल्यावर जी साखळी तुटली होती, ती मध्ययुगाच्या अखेरीस वेद्यांनी पुन्हा जोडून दिली.

तिकडे व्हेनिसमध्ये आगीच्या भीतीने १२९१ साली सर्व भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या होत्या. तेथील आंजेलो बारोव्हिएर या कारागिराने पंधराव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ रंगहीन अशी बिलोरी काच सिद्ध केली आणि श्रीमंतांच्या मेजावरून हिरवा रंग उतरू लागला. ऱ्हाईनकाठच्या लोकांनी मात्र आपला हिरवा पेला सोडला नाही. कोबीच्या बुंध्याला त्यांनी रुंद वाटी व उंच बैठक दिली, थेंब दांड्यावर घेतले, आणि त्यातून सोळाव्या-सतराव्या शतकांतला रोमर नावाचा प्रसिद्ध पेला झाला. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात पांढऱ्या द्राक्षारसाचे जे पेले अजून मिळतात, त्यांची वाटी स्वच्छ बिलोरी असते, दांडा हिरवा असतो. दांडाही बिलोरी करणे आजच्या कारखान्याला मुळीच अवघड नाही. तो हिरवा रंग आता मुद्दाम मिसळावा लागतो.